जिवाणूरोधक प्लॅस्टिक : वनस्पतिज संयुगे आणि खनिजांची जोड

ज्या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर जिवाणू मरतात किंवा निदान वाढू शकत नाहीत, त्याला जिवाणूरोधक प्लॅस्टिक म्हणतात. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी किंवा पीएलए यांपैकी कोणत्याही पॉलिमरमध्ये हा गुण मुळात नसतो. तो बाहेरून आणावा लागतो. पॉलिमर वितळलेला असताना त्यात एखादा जिवाणूरोधक घटक मिसळतात, किंवा तयार वस्तूवर त्याचा थर चढवतात. हा घटक ओवा, लवंग, दालचिनी यांसारख्या वनस्पतींतून मिळवता येतो. चांदी, जस्त, तांबे यांची संयुगे किंवा विशिष्ट प्रकारची माती यांसारख्या खनिज पदार्थांतूनही मिळवता येतो. वनस्पतिज संयुगे चटकन काम करतात आणि चटकन उडून जातात. खनिजे टिकतात, पण सावकाश आणि पृष्ठभागापुरतेच काम करतात. या दोहोंची सांगड कशी घालायची, हा या विषयाचा गाभा आहे.

प्लॅस्टिक कुजत नाही म्हणून ते जंतूंपासून सुरक्षित आहे, असा समज सर्रास असतो. प्रत्यक्षात जिवाणूंना पॉलिमर खावे लागत नाही. पृष्ठभागावर ओलावा आणि अन्नाचा किंवा घामाचा अंश असला की त्यांचे भागते. सुरुवातीला काही पेशी पृष्ठभागाला चिकटतात, मग त्या स्वतःभोवती शर्करा आणि प्रथिनांचा चिकट लगदा स्रवतात आणि त्याच्या आत वसाहत वाढत जाते. या थराला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या पिंपाच्या आतल्या भिंतीवरचा बुळबुळीतपणा हे त्याचे रोजच्या पाहण्यातले रूप. बायोफिल्ममधल्या जिवाणूंवर औषधांचा व जंतुनाशकांचा परिणाम मोकळ्या जिवाणूंच्या तुलनेत फार कमी होतो. मूत्रमार्गात घातलेली कॅथेटरची नळी, शिरेतून औषध देण्याच्या नळ्या, दुग्धशाळेतले पाइप या सर्व ठिकाणी हाच थर त्रासाचे मूळ असतो. म्हणून थर जमल्यावर तो काढण्यापेक्षा पहिल्या काही पेशींनाच पृष्ठभागावर बस्तान बसवू न देणे सोयीचे पडते.

जिवाणूरोधक घटक घालण्यामागे दोन वेगळे हेतू असतात आणि त्यांची गल्लत टाळली पाहिजे. पहिला हेतू खुद्द प्लॅस्टिकचे रक्षण करण्याचा. मऊ पीव्हीसीमध्ये मिसळलेली तेलकट द्रव्ये, म्हणजे प्लॅस्टिसायझर, हे काही बुरशींचे व जिवाणूंचे खाद्य असते. त्यामुळे न्हाणीघरातल्या पडद्यांवर व ताडपत्रीवर गुलाबी किंवा काळे डाग पडतात, वास येतो आणि कापड कडक होते. दुसरा हेतू त्या वस्तूच्या संपर्कात येणाऱ्या अन्नाचे किंवा माणसाचे रक्षण करण्याचा. पहिल्या हेतूसाठी घटक वस्तूतच टिकून राहिला तर उत्तम. दुसऱ्यासाठी त्यातला थोडा तरी अंश बाहेर यावा लागतो.

या विषयाची पार्श्वभूमी जंतुनाशकांच्या इतिहासाशी जोडलेली आहे. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी 1867 मध्ये शस्त्रक्रियेच्या जखमांसाठी कार्बॉलिक ॲसिड, म्हणजेच फिनॉल, वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे 1907 मध्ये लिओ बेकलँड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बॅकेलाइट हे पहिले संपूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक बनवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकमध्ये मुद्दाम जंतुनाशके घालण्याची प्रथा रूढ झाली. मऊ पीव्हीसीसाठी आर्सेनिकयुक्त संयुगे, तर घरगुती वस्तूंसाठी ट्रायक्लोसान वापरले जाऊ लागले. ट्रायक्लोसान जिवाणूंच्या मेदाम्ले बनवणाऱ्या एका विशिष्ट विकरावर घाव घालते, असे 1998 मध्ये दिसून आले. एकाच ठिकाणी घाव घालणाऱ्या द्रव्याला जिवाणू सहज दाद देईनासे होतात, त्यामुळे चिंता वाढली. सप्टेंबर 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह 19 घटक असलेले घरगुती जंतुनाशक साबण बाजारात आणण्यास मनाई केली. हा निर्णय प्लॅस्टिकसाठी नव्हता. तरीही प्लॅस्टिक उद्योगाचे लक्ष वनस्पतिज व खनिज पर्यायांकडे वळण्यास अशा घडामोडी कारण ठरल्या.

वनस्पतिज संयुगांमध्ये सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो सुगंधी तेलांतल्या फिनॉलवर्गीय घटकांचा. ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल. पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात तो ओव्याचे सत्त्व म्हणून विकला जातो आणि कापूर व पुदिन्याच्या सत्त्वाबरोबर अमृतधारेत पडतो. ओरेगॅनोच्या तेलातले कार्व्हाक्रॉल हे थायमॉलचेच भावंड. दोघांत अणू तेच आणि तितकेच, फक्त हायड्रॉक्सिल गटाची जागा वेगळी. लवंगेत युजेनॉल आणि दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड असते.

थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल यांची काम करण्याची रीत सारखी आहे. हे रेणू पाण्यात अगदी थोडे विरघळतात. मेदात मात्र सहज शिरतात. जिवाणूच्या पेशीपटलात मेदाचे दोन थर असतात. त्यात हे रेणू घुसले की पटल सैल पडते, आतले पोटॅशियम आयन बाहेर झिरपतात, पटलाच्या दोन्ही बाजूंमधला प्रोटॉनांचा फरक मोडतो आणि पेशीची ऊर्जानिर्मिती ठप्प होते. हा घाव संपूर्ण पटलावर पडत असल्यामुळे एखाद्या जनुकात बदल करून जिवाणूला निसटता येणे अवघड जाते. अर्थात सर्व जिवाणूंवर परिणाम सारखा नसतो. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना आणखी एक बाहेरचे आवरण असते आणि ते तेलकट रेणूंना अडवते. त्यामुळे स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे ग्रॅम-धन जिवाणू बहुधा कमी मात्रेत हार मानतात.

न उडणाऱ्या वनस्पतिज द्रव्यांचा गट वेगळा आहे. हिरड्यासारख्या फळांतली टॅनिने प्रथिनांना बांधून ठेवतात. कागद गिरण्यांच्या काळ्या द्रवातून मिळणारे लिग्निन फिनॉलवर्गीय गटांनी भरलेले असते आणि ते पॉलिमरचे ऑक्सिडीकरणही रोखते. हळदीतले कर्क्युमिन प्रकाश पडल्यावर अधिक प्रभावी ठरते, मात्र त्याच प्रकाशात त्याचा रंग व गुण दोन्ही विरतात. हळदीचा डाग उन्हात का जातो, याचे उत्तर यातच आहे. कोकण आणि गोव्याशी थेट नाते असलेला पदार्थ म्हणजे काजूच्या टरफलाचे तेल. हाताला लागले की कातडी सोलवटून काढणाऱ्या या दाहक तेलात निम्म्याहून अधिक वाटा ॲनाकार्डिक आम्लाचा असतो आणि ते आम्ल ग्रॅम-धन जिवाणूंवर चांगले चालते. तेल तापवले की या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कार्डानॉल उरते. कार्डानॉलपासून रेझिने आणि प्लॅस्टिसायझर बनतात. वाहनांच्या ब्रेक-लायनिंगमध्ये त्याचा वापर जुना आहे. म्हणजे टरफलातून तेल कोणत्या रीतीने काढले, यावर त्यातून जिवाणूरोधक मिळणार की रेझिनचा कच्चा माल, हे ठरते.

प्लॅस्टिकच्या दृष्टीने वनस्पतिज संयुगांची मोठी अडचण उष्णतेची आहे. कमी घनतेच्या पॉलिथिलीनची फिल्म साधारण 160 ते 200 अंश सेल्सिअसला, तर पॉलिप्रॉपिलीन 200 अंशांच्या पुढे तयार होते. थायमॉलचा द्रवणांक 50 अंशांच्या आसपास आणि उत्कलनबिंदू सुमारे 232 अंश. उत्कलनबिंदू गाठण्याच्या खूप आधीपासूनच ते वाफेच्या रूपाने उडू लागते. त्यामुळे यंत्रात घातलेल्या थायमॉलपैकी बराच भाग डायपाशी धुराबरोबर निघून जातो आणि कारखानाभर ओव्याचा वास सुटतो. जे मागे उरते तेही पुढच्या काही दिवसांत वा आठवड्यांत फिल्ममधून बाहेर पडते. शिवाय हे लहान रेणू पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये वंगणासारखे वागतात, त्यामुळे फिल्म मऊ होते आणि तिची ताणशक्ती घटते. अन्नाला वास लागणे, फिल्म पिवळी पडणे या तक्रारी वेगळ्याच.

खनिज घटकांचे गुणदोष याच्या नेमके उलट आहेत. झिंक ऑक्साइड किंवा झिओलाइट प्लॅस्टिकच्या यंत्रातल्या तापमानाला जुमानत नाही, उडून जात नाही आणि वासही देत नाही. यांतला सर्वांत परिचित घटक चांदीयुक्त झिओलाइट. झिओलाइट हे ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांचे सच्छिद्र स्फटिक असून त्याच्या पोकळ्यांत सोडियमचे आयन सैलसर बसलेले असतात. चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवल्यावर सोडियमच्या जागी चांदीचे आयन येतात. पुढे प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर ओलावा आला की त्या ओलाव्यातले सोडियम पुन्हा आत शिरते आणि चांदी बाहेर पडते. ती जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना बांधली जाते आणि विकरे निकामी होतात. मात्र घामातले क्लोराइड किंवा अन्नातली प्रथिने वाटेतच चांदीला अडवतात. म्हणून प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात उत्तम दिसणारे प्लॅस्टिक मळलेल्या पृष्ठभागावर तितके चालत नाही.

झिंक ऑक्साइड चांदीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. त्यातून सुटणारे जस्ताचे आयन आणि पृष्ठभागावर तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे क्रियाशील ऑक्सिजनचे प्रकार, अशा दोन वाटांनी ते काम करते. ते अतिनील किरण शोषते, त्यामुळे आतल्या पॉलिमरला उन्हापासून संरक्षणही मिळते. पण पीएलएसारख्या पॉलिएस्टरमध्ये मात्र कोरे झिंक ऑक्साइड वितळलेल्या अवस्थेत साखळ्या तोडते. म्हणून त्याच्या कणांवर आधी सिलेनचा मुलामा देतात. तांब्याची ऑक्साइडे प्रभावी आहेत, परंतु ती लालसर किंवा काळा रंग देतात आणि तांब्याच्या सान्निध्यात पॉलिप्रॉपिलीन लवकर ठिसूळ होते. टायटॅनियम डायऑक्साइडचा ॲनाटेझ हा प्रकार प्रकाशउत्प्रेरक आहे. या क्षेत्राला चालना मिळाली ती जपानमधील फुजिशिमा आणि होंडा यांच्या 1972 मधील शोधनिबंधामुळे. ॲनाटेझला अतिनील प्रकाश लागतो, म्हणजे फ्रीजच्या अंधाऱ्या कप्प्यात त्याचा उपयोग नाही. प्रकाश मिळाला तरी ते जिवाणूंबरोबर आजूबाजूच्या पॉलिमरलाही कुरतडते.

खनिजांचा आणखी एक गट स्वतः जिवाणू मारत नाही. तो वाहकाचे काम करतो. माँटमोरिलोनाइट ही पत्र्यांवर पत्रे रचलेली माती आहे, तर हॅलॉयसाइटचे पत्रे गुंडाळी होऊन नैसर्गिक नळ्या बनलेले असतात. या नळ्या सुमारे एक मायक्रॉन लांब असून त्यांची आतली पोकळी साधारण 15 नॅनोमीटर रुंद असते. थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉलच्या द्रावणात हॅलॉयसाइट ढवळून निर्वात दाब दिला की आतली हवा निघून जाते आणि तेल त्या जागी शिरते. असे भरलेले कण पॉलिमरमध्ये घातल्यावर यंत्रातले नुकसान घटते आणि तयार फिल्ममधून तेल सावकाश झिरपते. मातीच्या चपट्या पत्र्यांमुळे बाहेर पडणाऱ्या रेणूला वळसे घेत यावे लागते, त्यानेही वेग मंदावतो. सात ग्लुकोज एककांचे वलय असलेले बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन हा असाच एक वाहक, फक्त तो खनिज नसून स्टार्चपासून मिळतो.

वाहकाच्या पुढची पायरी म्हणजे दोन क्रियाशील घटकांची जोडी. झिंक ऑक्साइड आणि थायमॉल एकत्र वापरले तर सुरुवातीचा जोर थायमॉल देते आणि ते संपत आल्यावर जस्त काम चालू ठेवते. थायमॉलने सैल केलेल्या पेशीपटलातून धातूचे आयन आत जाणे सोपे होते. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाबतीत याचा विशेष उपयोग आहे, कारण एकट्या तेलाला त्यांचे बाहेरचे आवरण अडवते. शिवाय थायमॉलची वाफ फिल्मला न टेकलेल्या फळाच्या भागापर्यंत पोहोचते. चांदी वा जस्त मात्र प्रत्यक्ष संपर्क आणि ओलावा असेल तिथेच चालते. अशा जोड्या रासायनिक दृष्ट्या शांत असतीलच असे नाही. टॅनिने चांदीच्या आयनांचे धातुरूप कणांत रूपांतर करतात. प्रयोगशाळेत नॅनोकण बनवण्यासाठी ही क्रिया मुद्दाम घडवतात, पण मोल्डिंगच्या वेळी ती आपोआप झाली तर पांढरी वस्तू तपकिरी होऊन बसते. लोहाचा अंश असलेली माती टॅनिनांसोबत निळसर काळी पडते.

उत्पादनाची नेहमीची वाट मास्टरबॅचमधून जाते. जिवाणूरोधक घटक थेट सगळ्या मालात न घालता आधी थोड्या पॉलिमरमध्ये दाट प्रमाणात मिसळून त्याचे दाणे पाडतात. मग मोल्डिंग किंवा फिल्म करताना हे दाणे साध्या दाण्यांमध्ये ठरावीक टक्क्यांनी मिसळले जातात. मास्टरबॅच बहुधा ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरवर बनवतात. माती आणि झिओलाइट ओलावा धरून ठेवतात, म्हणून ती आधी सुकवावी लागतात. नाहीतर बॅरलमध्ये वाफ होऊन दाण्यांत बुडबुडे राहतात आणि पीएलएसारखे पॉलिमर त्या ओलाव्याने तुटते. खनिज हॉपरमधून पॉलिमरबरोबरच जाते, म्हणजे स्क्रूच्या संपूर्ण लांबीत त्याच्या गुठळ्या फुटतात. उडणारे तेल मात्र बॅरलच्या शेवटच्या टप्प्यात बाजूच्या तोंडातून सोडतात, म्हणजे त्याला उष्णता कमीत कमी वेळ लागते. हवा खेचणारा व्हेंट तेल सोडण्याच्या आधीच्या भागात ठेवावा लागतो. तो नंतर असला तर ओलाव्याबरोबर तेलही ओढले जाते. पॉलिमर निवडतानाही कमी तापमानाला वितळणारे ईव्हीए किंवा कमी घनतेचे पॉलिथिलीन यांना पसंती मिळते. याहूनही उष्णता टाळायची असेल तर तयार फिल्मवर लेप देणे किंवा द्रावणातून फिल्म ओतणे हे मार्ग आहेत.

घटक मिसळला म्हणजे काम झाले असे नाही. जिवाणू पृष्ठभागावर असतात आणि घातलेला बहुतेक घटक प्लॅस्टिकच्या पोटात अडकलेला असतो. जाड भिंतीच्या खोक्यात खोलवर असलेली चांदी व्यवहारात वाया गेलेली असते. पॉलिमरचा स्वभावही येथे महत्त्वाचा ठरतो. नायलॉन पाणी शोषते, त्यामुळे त्यातून चांदीचे आयन बऱ्यापैकी बाहेर येतात. पॉलिप्रॉपिलीन पाण्याला आत येऊ देत नाही, तेव्हा त्यातला पुरवठा अगदी वरच्या थरातूनच होतो. यावर उपाय म्हणून अनेक थरांच्या फिल्ममध्ये फक्त आतल्या, अन्नाला टेकणाऱ्या पातळ थरातच जिवाणूरोधक घटक घालतात. त्याने खर्च वाचतो आणि बाहेरच्या थराची ताकद व छपाईची चमक अबाधित राहते.

गुण मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी आयएसओ 22196 ही होय. ती जपानच्या जेआयएस झेड 2801 या 2000 सालच्या मानकावरून तयार झाली. प्लॅस्टिकचे 50 मिलिमीटर बाजूचे चौरस तुकडे कापतात आणि प्रत्येकावर 0.4 मिलिलीटर जिवाणूयुक्त द्रव सोडतात. हा थेंब आटू नये आणि सगळीकडे सारखा पसरावा म्हणून त्यावर 40 मिलिमीटर बाजूची पातळ फिल्म झाकतात. तुकडे 35 अंश सेल्सिअसला, 90 टक्क्यांहून कमी नसलेल्या आर्द्रतेत 24 तास ठेवले जातात. मग जिवाणू धुऊन काढून आगरवर वाढवतात आणि मोजतात. हेच घटक न घातलेल्या साध्या तुकड्यांवरही करतात आणि दोन्ही संख्यांच्या लॉगॅरिदममधला फरक काढतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय हे ठरलेले जिवाणू. जपानी मानकानुसार फरक 2 किंवा जास्त असेल तर वस्तू जिवाणूरोधक ठरते; म्हणजे साध्या तुकड्यावर दहा लाख जिवाणू उरले असतील तेव्हा या तुकड्यावर दहा हजारांहून जास्त उरता कामा नयेत.

या आकड्याचा अर्थ लावताना चाचणीची परिस्थिती विसरून चालत नाही. चोवीस तास झाकलेला ओला थर ही प्रत्यक्षात क्वचितच आढळणारी अवस्था आहे. कोरड्या दाराच्या मुठीवर किंवा रिमोटवर तोच पदार्थ तितका चालेल, अशी हमी त्यातून मिळत नाही. उडणाऱ्या तेलांसाठी आणखी एक खबरदारी लागते. नव्या फिल्मवर घेतलेली चाचणी उत्तीर्ण झाली तरी काही महिने साठवलेल्या, धुतलेल्या किंवा उन्हात ठेवलेल्या नमुन्यांवर ती पुन्हा घ्यावी लागते. आगरच्या थाळीवर तुकडा ठेवून त्याभोवतीचे स्वच्छ वलय मोजण्याची सोपी पद्धतही प्रचलित आहे, पण ती फक्त बाहेर झिरपणाऱ्या घटकांना न्याय देते. झिरपण्याचा वेग मंद असलेल्या खनिजाभोवती वलय दिसतही नाही.

अन्नाला टेकणाऱ्या वस्तूंसाठी सुरक्षिततेचे निकष वेगळे आहेत. भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांनुसार प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा किलोमागे 60 मिलिग्रॅम किंवा दर चौरस डेसिमीटरला 10 मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघात जस्तासाठी अन्नाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम अशी स्वतंत्र मर्यादा असून, अन्नाशी मुद्दाम देवाणघेवाण करणाऱ्या सक्रिय आवरणांसाठी 2009 चा वेगळा नियम आहे. अमेरिकेत जंतुनाशक घातलेल्या वस्तूला नोंदणीतून सूट मिळते ती दावा वस्तूच्या रक्षणापुरता असेल तरच. माणसाला रोगापासून वाचवते असे म्हटले की पुरावा आणि नोंदणी दोन्ही लागतात. वनस्पतींतून आले म्हणून एखादे द्रव्य आपोआप निर्धोक ठरत नाही. युजेनॉल आणि सिनॅमाल्डिहाइड या दोहोंमुळे काही लोकांना त्वचेची ॲलर्जी होते. मसाल्यात चिमूटभर खाल्ले जाणारे द्रव्य अंगावर दिवसभर घासले जाणार असेल तर त्याची तपासणी वेगळी व्हायला हवी.

जिवाणूंच्या प्रतिकाराचा प्रश्न खनिजांनाही चुकलेला नाही. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला आढळल्याचे 1975 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच जिवाणूवर क्लोरॅम्फेनिकॉल आणि अँपिसिलिन ही प्रतिजैविकेही चालत नव्हती. पुढे ही चांदी बाहेर ढकलणारी जनुके प्लास्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वलयावर असल्याचे उघड झाले. सतत झिरपणारी पण मारायला अपुरी मात्रा ही अशा निवडीला पोषक असते. दोन वेगळ्या रीतींनी घाव घालणारे घटक एकत्र वापरण्यामागे हेही एक कारण आहे.

वस्तूचे आयुष्य संपल्यावरचा विचार डिझाइनच्या वेळीच करावा लागतो. चांदी किंवा तांबे असलेले प्लॅस्टिक साध्या भंगारात मिसळले की पुनर्वापराच्या दाण्यात ते धातू जातात आणि त्याचा रंग व टिकाऊपणा बिघडवतात. धुताना सुटणारी चांदी सांडपाण्यात उतरते आणि जलचरांना ती अत्यल्प मात्रेतही विषारी असते. कंपोस्ट होणाऱ्या पीएलएबाबत तर मूळ हेतूतच विरोध आहे, कारण कंपोस्टचे काम जिवाणू व बुरशीच करतात. येथे वनस्पतिज घटकांचे उडून जाणे उपयोगी पडते. अन्न टिकवण्याचे काम संपेपर्यंत तेल निघून गेलेले असते आणि उरलेली माती खतात निरुपद्रवी राहते.

यावरून वापराची क्षेत्रे ठरतात. फळे, पनीर, मासे यांची थोड्या दिवसांची आवरणे ही थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉल भरलेल्या मातीची स्वाभाविक जागा. पाण्याच्या टाक्या, पाइप आणि वर्षानुवर्षे टिकायच्या वस्तू झिंक ऑक्साइड व झिओलाइटकडे जातात. शरीरात बसवायच्या उपकरणांना वैद्यकीय परवानगीची सर्वांत कडक वाट चालावी लागते. खेळणी, पेन, मोबाइलची कव्हरे अशा कोरड्या, सहज पुसता येणाऱ्या वस्तूंमध्ये या घटकांचा लाभ किरकोळ आणि किंमत मात्र नक्की असते. कोणत्याही प्रकारात जिवाणूरोधक प्लॅस्टिक धुण्यापुसण्याची जागा घेत नाही, कारण मळाचा थर बसला की घटक आणि जिवाणू यांची गाठच पडत नाही. कोणता पॉलिमर, किती ओलावा, किती दिवस आणि कोणता जिवाणू, या चार प्रश्नांची उत्तरे आधी ठरली तरच घटकाची निवड अर्थपूर्ण होते.